चंपी कर्नाटकात हाय

"आक्का, दाजीनी आज पेपरात काय लिवलंय, वाचलंस का?"

रविवारची सकाळ. माझ्या मांडीवर गिऱ्हाइकाचा ब्लाऊज, ओठांत टाचण्या आणि कानाला फोन. पलीकडे माझा धाकटा भाऊ कृष्णात. तो बोलायला लागला की फोनची गरजच पडू नये, शिरोळ तालुक्यातून थेट कोल्हापुरात ऐकू येईल असा त्याचा आवाज. आज मात्र दबक्या आवाजात बोलत होता.

"न्हाई बा. काय लिवलंय?"

"चंपीचं."

मी टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"समदं लिवलंय आक्का. साखळी, पाणी, मी बुड्या मारल्यालं, समदं. माझं नाव बदललंय. आईचं बी बदललंय. चंपीचं तेवढं चंपीच ठेवलंय."

"आईला कळलं?"

"अजून न्हाई. गुडघा धरलाय तिचा, म्हणून सकाळी डेअरीला मीच आलोय दूध घेऊन. घरातला पेपर वैरणीखाली दाबून आलोय. पर सांजच्याला ती जाणार बघ डेअरीला. आयतवार हाय. जावयाचा लेख कुणाकडनं तरी वाचून घेतल्याबिगर तिला घास जातोय व्हय? तू ये आक्का. माझ्यानं न्हाई व्हायचं."

फोन ठेवला तेव्हा आमचे हे गॅलरीत उभे होते. आमचे हे म्हणजे अमरसिंह सर. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता दर रविवारी पेपरच्या पुरवणीत 'अंगण' नावाचं सदर लिहितात. रोजचं जगणं, झाडंपानं, देवधर्म, घरदार असं सगळं त्यात असतं. आमच्या प्राजक्ताची फुलं हे पहाटे उठून वेचतात, असं अख्ख्या जिल्ह्याला वाटतं. हे उठतात आठला! फुलं मी वेचते, पाणी मी घालते, आणि लेखात 'आमची सौ.' मधूनमधून काहीतरी भाबडं बोलते, ते मी जन्मात बोललेले नसते. पण मी कधी तक्रार केली नाही. उलट बाजारात कुणी "अंगणवाल्या सरांच्या मिसेस ना तुम्ही?" म्हणालं की कोथिंबिरीची जुडी घासाघीस न करता घ्यायची मी. अभिमान होता हो मला, खोटं कशाला बोलू?

दर शनिवारी हे मला लेख वाचून दाखवायचे आणि मग पाठवायचे. ह्या शनिवारी म्हणाले, "अजून मनासारखा उतरला नाही." मी म्हटलं, नसेल. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गॅलरीत हे फोनवर बोलत होते, "धन्यवाद, धन्यवाद. डोळ्यांत पाणी आलं म्हणता? लिहिताना माझ्याही आलं हो."

मी पुरवणी उघडली.

चंपीचं सांगते. चंपी म्हणजे माझ्या माहेरची म्हैस. तिला जन्म देऊन तिची आई गेली, तेव्हा माझ्या आईनं, धोंडुबाईनं, शेजारच्या गोठ्यांतून दूध मागून आणून तिला बोटानं चाटवलं. दूध देईल तेवढं देईल, पण आईच्या मागनं दारापर्यंत यायची, पदर चघळायची. गावात आईला तिच्या नावानं कुणी ओळखत नाही. चंपीवाली म्हातारी म्हणा, लहान पोरगंसुद्धा घर दाखवील.

पण चंपी द्वाड होती. दाव्याची गाठ जिभेनं ओली करून सोडवायची आणि लोकांच्या उसात शिरायची. रोज भांडण दारात. शेवटी कृष्णातनं जयसिंगपूरच्या बाजारातून लोखंडी साखळी आणली. त्याच पावसाळ्यात, एकोणीस सालचा तो महापूर आला.

आमच्याकडं पूर काही नवा नाही. वाडीच्या देवळात दत्ताच्या पायापर्यंत पाणी येतं, आम्ही हात जोडतो आणि सामान माळ्यावर टाकतो. जनावरं हलवता आली तर हलवायची, नाहीतर दावं कापून मोकळी सोडायची. म्हैस पोहते, कुठंतरी काठाला लागते. हा आमच्या नदीकाठचा रिवाजच. दाव्याला विळा चालतो. साखळीला काय चालवणार?

आईला नावेत बसवून कृष्णात गोठ्याकडं परत फिरला, तेव्हा चंपीचं नुसतं डोकं पाण्यावर होतं. साखळीची कडी खाली, खुंट्याला. त्यानं बुडी मारली, परत मारली, परत मारली. कडी गाळात रुतलेली. नाववाल्यांनी शेवटी त्याला केसांना धरून वर ओढला.

आईला त्यानं सांगितलं, "दावं कापलं. पवत गेली खाली."

आईनं ते धरून ठेवलं. पाणी उतरल्यावर आईला पूरग्रस्तांच्या छावणीतून घरी आणायच्या आधी कृष्णातनं आणि शेजारच्या आकारामनं चंपीला बाहेर काढून गोठा मोकळा केला. अख्ख्या गल्लीनं बघितलं. आणि ही आमची गल्ली, जिथं कुणाच्या घरात काय शिजलं ते दुसऱ्या टोकाला ओरडून सांगतात, तिनं इतकी वर्षं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून ठेवलं.

आई म्हणायची, "चंपी कर्नाटकात हाय. उगारकडं न्हाईतर अथणीकडं. कुण्या बाईच्या गोठ्यात बांधली आसंल. 'बा बा' म्हणून कानडीत हाका मारीत आसतील तिला. पयल्यांदा कळलं नसंल बिचारीला." आणि हसायची. रोज सकाळच्या पहिल्या भाकरीचा चतकोर टोपलीखाली ठेवायची. गुरुवारी ते चतकोर घेऊन वाडीला जायची, दत्ताचं दर्शन घ्यायची आणि भाकरी नदीत सोडायची. नदी खाली कर्नाटकातच जाते ना! महाराज पोचवतील, म्हणायची.

कृष्णातनं खरं फक्त मला सांगितलं होतं. छावणीच्या शाळेत, मागच्या नळांपाशी, दोन्ही हातांनी तोंड झाकून. ते ओझं मला एकटीला पेलवेना. नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? सांगितलं. तेव्हा यांनी माझा हात हातात घेतला. "दत्ताची शपथ, वर्षा," म्हणाले, "हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही."

तोंडून नाहीच पडलं. पेनातून पडलं.

लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, 'त्या माउलीची श्रद्धा वाहत राहिली, आणि सत्य मात्र गोठ्यातच साखळीने बांधलेले राहिले.' वाक्य चांगलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी पुरवणी घेऊन गॅलरीत गेले. "हे काय केलंत तुम्ही?"

यांनी फोन खिशात ठेवला. "वाचलास? कसा झालाय?"

"कसा झालाय? शपथ घेतली होती तुम्ही!"

"अगं, नावं बदललीत मी सगळ्यांची."

"म्हशीचं?"

हे म्हणाले, "ते नाव बदलवेना. दुसरं कुठलं तिथं शोभतच नव्हतं. आणि म्हशीच्या नावावरून कुणाला काय कळणार आहे?"

घ्या! इतकी वर्षं माझ्या माहेरी पुरणपोळ्या खाल्ल्या या माणसानं, आणि तिथं माणसांपेक्षा म्हशीचं नाव मोठं असतं, एवढंसुद्धा कळलं नाही.

"आईला कळलं तर काय होईल, याचा विचार केलात?"

"वर्षा, जरा शांतपणे बघ. मी तुझ्या भावाला खलनायक केलेलं नाही. उलट त्याचं दुःख मोठं केलंय. आणि आईंच्या श्रद्धेबद्दल इतकं सुंदर कुणी लिहिलंय का आजवर? सकाळपासून फोन थांबत नाहीत."

"कृष्णातचा पण आला होता," मी म्हटलं. "केसानं गळा कापलात तुम्ही आमचा."

"तू फार टोकाचं बोलतेस."

"अजून काहीच बोलले नाही मी."

पुरवणी पिशवीत कोंबली, चपला अडकवल्या आणि निघाले. स्टँडवर जयसिंगपूरची गाडी लागलेलीच होती. खिडकीबाहेर ऊस, ऊस आणि ऊस. माझ्या डोक्यात एकच, संध्याकाळच्या दुधाच्या आत पोचायचं. आईला काहीतरी सांगून घरातच ठेवायचं, नाहीतर सरळ कोल्हापूरला घेऊन यायचं. पण कोल्हापूरला कुठं? त्याच घरात?

जयसिंगपूरला उतरून वडापच्या जीपमध्ये चौघींच्या मध्ये चेंगरून बसले. वाडीचा फाटा आला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. माझे हात वर होईनात. शपथ मोडली यांनी आणि रुसले मी दत्तावर! माझं मलाच हसू आलं आणि मग त्या परक्या बायांमध्ये रडूच फुटलं. शेजारच्या बाईनं काही न विचारता आपल्या पिशवीतलं पाणी दिलं.

घरी पोचले तर कृष्णात गोठ्याच्या दारात उकिडवा बसलेला. आत ये म्हटलं तर मान हलवली. "तू जा. मी बसतो हितंच." त्याची दाढी पांढरी झालीय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आई बाजल्यावर बसली होती. गुडघ्यावर गरम केलेलं एरंडाचं पान, वर फडकं.

"वर्षे? आणि आज कशी गं?"

"सहज आले. गुडघा दुखतोय म्हणाला कृष्णा."

"गुडघ्याला काय धाड भरलीय. जावयबापू न्हाई आलं?"

"कामात आहेत."

"व्हय, लिवायचं काम." तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं. "पेपर दिसतोय की त्यात. आजचं असंल. वाच बगू."

आई, चहा घेऊ या आधी, म्हटलं. चहा झालाय, म्हणाली. चष्मा विसरले, म्हटलं. "डोक्यावर हाय की तुझ्या," म्हणाली. पळायला वाट उरली नाही. मी पुरवणी उघडली, 'अंगण' समोर धरलं आणि जे छापलं होतं त्यावर डोळे ठेवून भलतंच वाचायला लागले.

सुरुवात प्राजक्तापासून केली. यांची बहुतेक सुरुवात तिथूनच होते, त्यामुळे जड गेलं नाही. पहाट, फुलांचा सडा, देवाला वाहिलेली फुलं. पण पुढं काय? छापलेल्या ओळींत 'साखळी' शब्द सारखा डोळ्यांत घुसत होता. तो चुकवत चुकवत मी म्हणाले, की प्राजक्ताखाली बसलं की लेखकाला आपल्या सासूबाईंचे हात आठवतात. त्या हातांनी थापलेली पहिली भाकरी कधी माणसांच्या वाट्याला आली नाही, ती आधी गोठ्यात जायची. घरात पोरं भुकेली असायची, रुसायची, आणि ती बाई म्हणायची, तुमाला तोंड हाय, तुमी मागून खाशीला, तिला कुठं बोलता येतंय. मोठी झाल्यावर त्या पोरांना कळलं की आपल्याला न बोलणाऱ्याचंही ऐकायला आईनं शिकवलं. एवढं म्हणाले आणि पुढं काही सुचेना. मी घाईघाईनं देवाला नमस्कार करून लेख संपवून टाकला.

"झालं?"

"झालं."

गुडघ्यावरचं पान आईनं सारखं केलं.

"आता त्यातलं साखळीचं वाच," म्हणाली.

मी पेपर मिटून मांडीवर ठेवला.

"डेअरीत त्यो नवा पोरगा आलाय बघ, वारणानगरकडचा. पृथ्वीराज. सकाळी मी गेले न्हाई म्हणून त्येचा त्यो पेपर घेऊन घरी आला बिचारा. आज्जी, तुमच्या जावयाचं लई झकास आलंय म्हणाला. त्येला काय ठावं? हितंच बसून वाचत हुता. निम्म्यात त्येचाच गळा भरला. वाचता येईना त्येला. मग मीच त्येला पाणी दिलं, आन् म्हटलं, वाच बाबा पुढं."

"आई..."

"आकारामाला ठावं हुतं?"

"हो."

"समोरच्या अंबूबाईला?"

मी मान खाली घातली.

"म्हंजी समद्यांनाच." ती दाराबाहेर गल्लीकडं बघत होती. "गुरुवारी मी भाकरी बांधून निगायची आन् ही समदी बघायची. अंबूबाई म्हणायची, जावा सावकाश, वाटंत चिखल हाय."

"आई, कुणी हसलं नाही गं तुला. शपथ. एक माणूस कधी हसलं नाही."

"हसलं आसतं तर बरं झालं आसतं," आई म्हणाली. "कळलं आसतं."

मला वाटत होतं, माझा गळा कापला गेलाय. यांनी माझा विश्वास मोडला म्हणून मी कोल्हापूरपासून रडत आले होते. इथं ही बाई सगळ्या गावानं, पोटच्या लेकरांनी फसवलेली बसली होती, आणि तिला धरून रडायचंसुद्धा तोंड मला उरलं नव्हतं.

"क्रिष्णा!" तिनं हाक मारली. एवढी मोठी, की शेजारची कुत्री उठून उभी राहिली. "आत ये."

कृष्णात आला. उंबऱ्याजवळच उभा राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, शाळेत मार खायला उभा केल्यासारखा दिसत होता.

आईनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "शेवटाला वरडली का रं ती?"

कृष्णातनं माझ्याकडं बघितलं. आता पुन्हा खोटं बोलायचं का, असं विचारत होता बहुतेक. मी काय सांगणार?

"व्हय," तो म्हणाला. "लई वरडली."

आईनं डोळे मिटले. नंतर म्हणाली, "मला नावंत ऐकाय आलं हुतं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची आसंल."

मग ती उठली. मी आधार द्यायला गेले तर हात झटकला. चुलीजवळ गेली, टोपली उचलली. खाली गुरुवारसाठी जमवलेले चतकोर होते, वाळून कडक झालेले. ते पदरात घेतले आणि भिंतीला धरत धरत गोठ्यात गेली. हल्ली गोठ्यात दुसरी म्हैस आहे, पुरानंतर कृष्णातनं घेतलेली. आईनं इतक्या वर्षांत तिला नाव ठेवलं नव्हतं. नुसतं 'ए' म्हणायची. तिच्यापुढं आईनं पदर मोकळा केला.

"खा," म्हणाली. "आता ह्ये तुझंच."

म्हशीनं हुंगलं, आणि मग कडाकडा चावत खायला लागली. आई तिच्या दाव्याची गाठ बोटांनी चाचपत उभी होती.

मी मुक्कामाला राहते म्हटलं. "नगं," म्हणाली. "जा तू तुझ्या घरी." यातला 'तुझ्या' शब्द तिनं आजवर कधी वापरला नव्हता. निघताना पाया पडले, तेव्हा डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखा दाबला नाही.

जीपपर्यंत कृष्णात सोडायला आला. दारातून आईनं मागून हाक मारली.

"वर्षे! जावयबापूंना म्हणावं, लेख पोचला."

एवढंच. आणि आत गेली.

कोल्हापुरात घरी पोचले तर हे वाटच बघत होते. चहा स्वतः करून ठेवला होता. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच बघितलं. चहा पुढं केला, खुर्ची ओढून समोर बसले. चेहरा उतरलेला होता. खरंच अपराधी वाटत असावं त्यांना, मी नाही म्हणत नाही.

"कळलं का आईंना?"

"कळलं."

"अरेरे." यांनी कपाळावर हात मारला. "फार वाईट झालं. मी उद्याच जाऊन माफी मागतो." थोडं थांबले. मग पुढं सरकले. "काय म्हणाल्या गं त्या? रडल्या? नेमकं काय म्हणाल्या?"

आणि मला ते दिसलं. यांचे डोळे. दर शनिवारी लेख जमला की जसे व्हायचे, तसेच झाले होते. त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

माझ्या ओठावर सगळं आलं होतं. नावेत ऐकू आलेलं ओरडणं. गळा भरलेल्या पोराला दिलेलं पाणी. हसलं असतं तर बरं झालं असतं, हे. लेख पोचला, हे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मी फुटेन असं वाटत होतं, आणि सांगायला आजवर हाच एक माणूस होता मला.

"गुडघा दुखतोय तिचा," मी म्हणाले.

"ते झालंच. पण आणखी?"

"एरंडाचं पान बांधलंय."

"वर्षा, असं काय करतेस? सांग ना, काय म्हणाल्या?"

सकाळचा ब्लाऊज तसाच मशीनवर पडला होता, डबीतल्या टाचण्या उघड्या होत्या. मी चहा बाजूला सरकवला, ब्लाऊज सुईखाली घेतला आणि पाय पेडलवर ठेवला. हे काहीतरी विचारतच होते. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.